कॅल्विन ब्रिजेस

कॅल्विन ब्लॅकमन ब्रिजेस (११ जानेवारी, १८८९ – २७ डिसेंबर, १९३८) हे अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ होते. जनुके गुणसूत्रांवर असतात याचा प्रत्यक्ष पुरावा त्यांनी फळमाशीवरील प्रयोगांतून दिला. नराच्या शुक्राणूंसाठी वाय गुणसूत्र आवश्यक असते, हेही त्यांच्याच संशोधनातून उघड झाले.

जीवन

ब्रिजेस यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील स्कायलर फॉल्स येथे झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने आजीने त्यांचा सांभाळ केला. १९०९ साली ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना माश्यांच्या बाटल्या धुण्याचे काम मिळाले. बाटलीच्या जाड काचेतून निराळ्या रंगाचे डोळे असलेली माशी त्यांनी नुसत्या नजरेने टिपली आणि ते संशोधनाकडे वळले. १९२८ मध्ये ते मॉर्गन यांच्यासह कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे गेले.

संशोधन

पांढऱ्या डोळ्यांची मादी व लाल डोळ्यांचा नर यांच्या संततीत नर पांढऱ्या, तर माद्या लाल डोळ्यांच्या असतात. क्वचित मात्र याउलट घडे. अंडपेशी तयार होताना दोन एक्स गुणसूत्रे विलग न झाल्यामुळे हे अपवाद निर्माण होतात, असे ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये सिद्ध केले. पांढऱ्या डोळ्यांच्या अपवादात्मक माद्यांत दोन एक्सखेरीज एक वाय गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

लाल डोळ्यांच्या अपवादात्मक नरांत वाय गुणसूत्र नव्हते. ते दिसण्यात सामान्य, परंतु पूर्णपणे वंध्य होते. म्हणजे फळमाशीत वाय गुणसूत्र नरत्व ठरवत नाही; ते शुक्राणूंच्या घडणीसाठी लागते. त्याचे कारण पुढील पिढ्यांतील संशोधकांनी शोधले. फळमाशीत ६४ शुक्रपेशी एकमेकींना जोडलेल्या अवस्थेत वाढतात आणि शेवटी प्रत्येकीभोवती स्वतंत्र पटल तयार होऊन त्या सुट्या होतात. शेपटीच्या हालचालीस लागणाऱ्या काही प्रथिनांची जनुके वाय गुणसूत्रावर असतात. ती नसल्यास शुक्राणू नीट घडत नाहीत. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या शुक्राणूंच्या घडणीवर संशोधन झाले आहे.

१९३५ मध्ये ब्रिजेस यांनी फळमाशीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांचे तपशीलवार नकाशे प्रसिद्ध केले. ते आजही संदर्भासाठी वापरले जातात.

मृत्यू

वयाच्या ४९व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. १९३३ चे नोबेल पारितोषिक एकट्या मॉर्गन यांना मिळाले होते. मात्र त्यांनी पारितोषिकाच्या रकमेतील वाटा ब्रिजेस आणि आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांच्या मुलांसाठी दिला.