रहीम सर : मैदानावरचे शिक्षक



संध्याकाळी मैदानावर तुमचा फुटबॉल रंगतो, तेव्हा एक गोष्ट नेहमी दिसते. चेंडू उजव्या पायावर आला की खेळाडू खूष आणि डाव्या पायावर आला की त्याची तारांबळ. यावर आपल्याच हैदराबादमधल्या एका शिक्षकांनी फार पूर्वी उपाय शोधला होता. ते फक्त कमकुवत पायानेच खेळायच्या स्पर्धा भरवत! त्या शिक्षकांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीम सरांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. आपल्या काचीगुड्यातल्या शाळेतही त्यांनी शिकवले. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि वर्गाबरोबर मैदानही त्यांची शाळा झाले.

१९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची मानाची रोव्हर्स करंडक स्पर्धा जिंकली. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

पण यशाबरोबर अपयशही आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुऊन काढले. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. रहीम सर खचले नाहीत. चार वर्षांनी, १९५६ साली, त्यांच्या संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवून चौथा क्रमांक पटकावला.

सरांची पारखी नजर कशी होती, याचे उदाहरण म्हणजे तुलसीदास बलराम. हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब घरातला मुलगा. सरावाला हैदराबादला यायचे तर सायकल हवी आणि ती घरी नव्हती. भाड्याच्या सायकलीचे पैसे सरांनी दिले. हाच बलराम पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबच्या प्रेक्षकांचा लाडका खेळाडू आणि १९६१ साली त्या क्लबचा कर्णधार झाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने हंगेरी आणि पेरू या दोन्ही संघांविरुद्ध गोल केले. सायकलीचे ते भाडे वाया गेले नाही!

१९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताची पहिलीच लढत दक्षिण कोरियाने २-० अशी जिंकली. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. सरांनी त्यालाच पुढच्या फळीत आणले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर. प्रेक्षक भारताच्या विरोधात होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने २-१ असा विजय मिळवला. सर तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९७० चे कांस्यपदक सोडले तर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे पदक मिळालेले नाही.

आजच्या खेळाडूंकडे चांगले बूट आहेत, टीव्हीवर जगभरचे सामने आहेत. पण ज्या पायाने जमत नाही त्या पायाने रोज सराव करणे, ही गोष्ट विकत मिळत नाही. हे गणितालाही लागू आहे आणि व्याकरणालाही.

पालकांनाही एक विनंती. मुले खेळली की अभ्यास बुडतो, असे आपल्याला वाटते. देशाला दोन सुवर्णपदके मिळवून देणारा हा माणूस मुळात शाळामास्तर होता, हे लक्षात ठेवू या. आणि एखाद्या मुलाची वाट केवळ सायकलीवाचून अडली असेल, तर ती सायकल कोणी द्यायची, याचा विचार आपण सर्वांनी, विश्वस्त मंडळींनीही, करायला हवा.

तर मित्रांनो, उद्या मैदानावर पहिला चेंडू डाव्या पायाने मारून पाहा!