शूलेस जो जॅक्सन

जोसेफ जेफरसन जॅक्सन ऊर्फ शूलेस जो जॅक्सन (१६ जुलै १८८७ – ५ डिसेंबर १९५१) हा अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलपटू होता. डावखुरा फलंदाज आणि मैदानाच्या डाव्या टोकाचा क्षेत्ररक्षक म्हणून तो १९०८ ते १९२० या काळात फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि शिकागो या संघांकडून खेळला. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधील सामने पैसे घेऊन मुद्दाम हरल्याच्या प्रकरणात त्याच्यावर आजीव बंदी घालण्यात आली. न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या या खेळाडूला खेळाच्या प्रशासनाने दोषी ठरवले, आणि ती बंदी त्याच्या मृत्यूनंतरही सुमारे ७३ वर्षे कायम राहिली. बेसबॉलमधील फसवणुकीची चर्चा, मग ती जुगाराची असो वा उत्तेजक द्रव्यांची, आजही त्याच्या नावाशिवाय पुरी होत नाही.

बालपण व गिरणी

जॅक्सनचा जन्म दक्षिण कॅरोलिना राज्यातील पिकन्स परगण्यात एका गरीब कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब ग्रीनव्हिल शहरालगतच्या ब्रँडन कापडगिरणीच्या वसाहतीत राहावयास गेले. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षीच जो गिरणीत कामाला लागला. दक्षिणेकडील गिरण्यांत मुलांनी बारा-बारा तास राबणे त्या काळी सर्रास चाले. शाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही आणि तो आयुष्यभर निरक्षर राहिला. हा तपशील त्याच्या चरित्रात ओघाने येणारा नाही. पुढे त्याच्यावर जे प्रसंग आले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एखादा कागद आणि तो वाचता न येणारा माणूस आढळतो.

गिरण्यांचे आपापले बेसबॉल संघ असत. जो तेराव्या वर्षीच ब्रँडन गिरणीच्या प्रौढांच्या संघात खेळू लागला. तेथील एका कारागिराने त्याच्यासाठी घडविलेली, तंबाखूच्या रसाने काळी केलेली बॅट ‘ब्लॅक बेट्सी’ या नावाने प्रसिद्ध झाली. एका सामन्यात नव्या बुटांनी पायाला फोड आल्यामुळे तो नुसत्या मोज्यांवर खेळला, आणि शूलेस म्हणजे अनवाणी हे नाव त्याला चिकटले. त्याला स्वतःला ते मुळीच आवडत नसे. १९०८ मध्ये त्याने केटी विन हिच्याशी विवाह केला. केटी लिहू-वाचू शकत असे. त्याची पत्रे व करार तीच वाचून दाखवी.

कारकीर्द

१९०८ मध्ये फिलाडेल्फिया संघाने त्याला घेतले; परंतु मोठ्या शहरात त्याचा जीव रमेना. संघ सोडून तो घरी परतल्याचे प्रसंगही घडले. सहकारी त्याच्या निरक्षरतेची टवाळी करीत. खाणावळीत इतरांनी काय मागविले ते ऐकून तो तेच मागवी, असे सांगितले जाते. १९१० मध्ये त्याला क्लीव्हलँडकडे देण्यात आले आणि तेथे त्याचा खेळ बहरला.

क्रिकेटमध्ये सरासरी धावांची असते, तर बेसबॉलमध्ये ती फटका साधण्याच्या प्रमाणाची असते. दहा संधींत तीनदा फटका साधणारा फलंदाज उत्तम मानला जातो. १९११ या आपल्या पहिल्याच पूर्ण हंगामात जॅक्सनने ०.४०८ अशी सरासरी गाठली. त्याच वर्षी टाय कॉबची सरासरी ०.४२० भरल्याने अव्वल फलंदाजाचा मान मात्र त्याला मिळाला नाही, आणि तो पुढेही कधी मिळाला नाही. एकूण कारकिर्दीतील त्याची ०.३५६ ही सरासरी या खेळाच्या इतिहासातील सर्वोच्च सरासरींपैकी एक आहे. बेब रूथसारख्या फलंदाजाने आपण जॅक्सनची फटक्याची ढब उचलली असे सांगितले होते.

ऑगस्ट १९१५ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक चार्ल्स कॉमिस्की याने त्याला विकत घेतले. १९१७ मध्ये या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. संघ बलाढ्य होता, मात्र त्यात दुफळी होती आणि पगारावरून कुरबुरही होती. त्या काळच्या नियमानुसार खेळाडूला आपल्या मर्जीने संघ बदलता येत नसे. मालक देईल ते मुकाट्याने घ्यावे लागे. जॅक्सनला वर्षाला ६,००० डॉलर मिळत.

१९१९ ची वर्ल्ड सिरीज

ऑक्टोबर १९१९ मध्ये व्हाइट सॉक्सची गाठ सिनसिनाटी रेड्सशी पडली. नऊ सामन्यांच्या या मालिकेत रेड्सने ५–३ असा विजय मिळविला. पहिल्या चेंडूआधीपासूनच कुजबुज सुरू होती. चिक गँडिल या खेळाडूने जुगाऱ्यांशी संधान बांधले होते आणि एकूण आठ खेळाडूंची नावे पुढे आली. जॅक्सनला २०,००० डॉलरचे, म्हणजे तीन वर्षांच्या पगाराहून अधिक रकमेचे आश्वासन देण्यात आले. प्रत्यक्षात त्याच्या हाती ५,००० डॉलर पडले. ते लेफ्टी विल्यम्स या सहकाऱ्याने आणून दिले.

येथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो त्याच्या खेळाविषयी. आठ सामन्यांत ३२ संधींतून त्याने १२ फटके साधले. तो तेव्हाचा विक्रम होता. सरासरी ०.३७५ भरली, क्षेत्ररक्षणात एकही चूक नोंदली गेली नाही आणि संपूर्ण मालिकेतील एकमेव होमरन त्याचाच होता. त्याचे समर्थक हे आकडे पुढे करतात. आकड्यांना दुसरी बाजूही आहे. तो होमरन शेवटच्या सामन्यात, रेड्स ५–० असे पुढे असताना आला. हरण्याचा सौदा पटलेला फलंदाजही सामना हातचा गेल्यावर फटके मारू शकतो. केवळ धावफलकावरून नियत सिद्ध होत नाही, आणि ती निर्मळ असल्याचेही सिद्ध होत नाही.

त्या हिवाळ्यात केटीने नवऱ्याच्या वतीने कॉमिस्कीला पत्र लिहिले. आपण शिकागोस येऊन विचाराल ते सांगण्यास तयार आहोत, असा त्याचा आशय होता. त्याला कोणी बोलावले नाही. उलट क्लबचा सचिव हॅरी ग्रॅबिनर स्वतः सव्हाना येथे गेला आणि वर्षाला ८,००० डॉलर अशा तीन वर्षांच्या करारावर त्याने जॅक्सनची सही घेतली. दहा दिवसांची सूचना देऊन काढून टाकण्याचे कलम यात नाही, असे ग्रॅबिनरने आपल्याला सांगितल्याचे जॅक्सन पुढे म्हणत राहिला. ते कलम करारात होते.

साक्ष, खटला व बंदी

१९२० च्या हंगामात जॅक्सनची सरासरी ०.३८२ होती. हंगाम संपत आला असताना, २८ सप्टेंबर रोजी, गोलंदाज एडी सिकॉट याने शिकागोतील ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही हे ठरविणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, कबुली दिली. त्याच दिवशी जॅक्सनही हजर झाला. त्याला सल्ला देणारा वकील आल्फ्रेड ऑस्ट्रियन हा वास्तविक कॉमिस्कीच्या क्लबचा वकील होता. आपले म्हणणे आपल्याच विरुद्ध वापरले जाऊ शकेल, अशा अर्थाच्या कागदावर जॅक्सनने सही केली. ज्या माणसाला आपले नाव कसेबसे गिरवता येई, त्याच्या हितासाठी त्या खोलीत कोणीही नव्हते. पैसे घेतल्याचे त्याने मान्य केले. खेळ मात्र जिंकण्यासाठीच केला, असे सांगितले. न्यायालयाबाहेर एका लहान मुलाने, हे खोटे असल्याचे सांग, अशी त्याची विनवणी केल्याची हृदयस्पर्शी कथा फार प्रसिद्ध आहे. तसे काही घडलेच नाही, असे जॅक्सनचे म्हणणे होते.

१९२१ च्या खटल्यापूर्वी कबुलीजबाबांचे कागद गहाळ झाले. सामना मुद्दाम हरणे हा त्या वेळी स्वतंत्र गुन्हा नव्हता. आरोप होता तो फसवणुकीच्या कटाचा. २ ऑगस्ट १९२१ रोजी सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचा नवनियुक्त आयुक्त न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस याने आठही जणांवर कायमची बंदी घातली. त्यांत पैसे न घेतलेला, परंतु कटाची माहिती असूनही गप्प राहिलेला बक वीव्हर हाही होता. ही शिक्षा कठोर होती, परंतु जुगाऱ्यांची पकड सैल करण्यास ती उपयोगी पडली हे नाकारता येत नाही.

जॅक्सनने थकलेल्या पगारासाठी दावा लावला. १९२४ मध्ये मिलवॉकी येथील सुनावणीत ज्युरीने ११ विरुद्ध १ मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. परंतु गहाळ झालेली १९२० ची साक्ष याच सुनावणीत क्लबच्या वकिलांनी पुढे आणली! पैसे केव्हा मिळाले, याविषयीचे त्याचे दोन जबाब जुळेनात. पूर्वी त्याने चौथ्या सामन्यानंतर म्हटले होते, आता मालिका संपल्यावर म्हणत होता. न्यायाधीशाने खोटी साक्ष दिल्याबद्दल त्याला अटक करविली आणि ज्युरीचा कौल रद्द केला. ते कागद मधली वर्षे कोठे होते, याचा समाधानकारक खुलासा झाला नाही.

उत्तरायुष्य

बंदीनंतर तो दक्षिणेत किरकोळ संघांकडून खेळत राहिला. सव्हाना येथे त्याने कपडे धुण्याचा व्यवसाय केला आणि पुढे ग्रीनव्हिलला परतून दारूचे दुकान चालविले. त्याला अपत्य नव्हते. १९५१ मध्ये क्लीव्हलँडच्या क्रीडारसिकांनी त्याची आपल्या मानवंत खेळाडूंत निवड केली. त्यानिमित्त दूरचित्रवाणीवर त्याचा सत्कार व्हायचा होता; त्याआधी काही दिवस हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याचे घर आता संग्रहालय झाले आहे. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (१९८९) या चित्रपटामुळे तो नव्या पिढीला परिचित झाला, मात्र त्यात हा डावखुरा फलंदाज उजव्या हाताने खेळताना दिसतो.

उत्तेजकांच्या काळात

बेसबॉलमध्ये शक्तिवर्धक द्रव्ये नवी नाहीत. १८८९ मध्येच पड गॅल्विन या गोलंदाजाने प्राण्यांच्या वृषणांपासून केलेला अर्क उघडपणे घेतला होता आणि वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले होते. स्टेरॉइडचा प्रश्न ऐरणीवर आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. चाचणीत दोषी आढळल्यास शिक्षा देणे २००४ मध्ये सुरू झाले. आज पहिल्या दोषाला ८० सामने, दुसऱ्याला १६२ सामने आणि तिसऱ्याला कायमची बंदी असा नियम आहे. जुगारासाठी सामना हरणाऱ्याला मात्र पहिल्याच वेळी क्षमा नाही. यामागे तर्क आहे: उत्तेजक घेणारा खेळाडू जिंकण्यासाठी फसवतो, तर पैसे घेणारा स्पर्धाच खोटी पाडतो. तरीही ७६२ होमरनचा धनी बॅरी बाँड्स याचे नाव, उत्तेजकांचे आरोप असूनही, सन्मान दालनाच्या मतपत्रिकेवर दहा वर्षे राहिले. त्याला पुरेशी मते मिळाली नाहीत, एवढेच. जॅक्सनबाबत १९९१ च्या नियमाने तेवढीही वाट बंद झाली होती. बंदी असलेल्यांचा विचारच होणार नाही, असे तो नियम सांगे.

१३ मे २०२५ रोजी आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी मृत्यूबरोबर बंदी संपते असा निर्णय देऊन जॅक्सनसह मृत खेळाडूंची नावे बंदीच्या यादीतून वगळली. त्यामुळे सन्मान दालनाची जुन्या खेळाडूंविषयीची समिती आता त्याचा विचार करू शकते. तिची बैठक डिसेंबर २०२७ मध्ये होणे अपेक्षित आहे.