मैदानावरचे मास्तर : अ‍ॅलोन्झो स्टॅग

अमेरिकेतील फुटबॉल आपल्यासारखा नव्हे. तिथे चेंडू हातात घेऊन पळतात. त्या खेळाचे हे आद्य गुरू. ॲमॉस अ‍ॅलोन्झो स्टॅग यांचा जन्म १८६२ साली न्यू जर्सीत, जोडे शिवणाऱ्याच्या घरी झाला. येल विद्यापीठात ते धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होते. पण व्यासपीठावर आपली वाणी चालत नाही, हे उमगताच त्यांनी मैदान गाठले.

१८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठाने त्यांना बोलावले. फुटबॉल आणि धावण्या-उड्यांचे खेळ, दोन्हींचे संघ त्यांनी तिथे घडवले. शिवाय विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकांच्या पंक्तीत बसवले. मला ही गोष्ट त्यांच्या साऱ्या विजयांहून मोठी वाटते. (आमच्या शाळेत पी. टी.चा तास म्हणजे गणिताला उसना दिलेला तास!)

चाळीस वर्षांनी, सत्तरी गाठली म्हणून त्यांना निवृत्त करण्यात आले. बैठे काम देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले. १९३३ साली ते कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशातील वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले!

इकडे शिकागोने १९३९ मध्ये फुटबॉलच बंद केला. त्यांच्या नावाच्या मैदानाच्या ओस प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडली. स्टॅग मात्र नव्वदी उलटल्यावरही पोरांना चेंडू लाथाडायला शिकवत होते. १९६५ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, स्टॉक्टन येथे त्यांचे निधन झाले.