गुलाबराव महाराज : नवव्या महिन्यात गेलेली दृष्टी

विदर्भातील संत गुलाबराव महाराज यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, शेतकरी कुटुंबात झाला. माधान हे त्यांचे मूळ गाव. नऊ महिन्यांचे असताना त्यांच्या डोळ्यांत चुकीचे औषध घातले गेले आणि दृष्टी कायमची गेली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

एका औषधाने दृष्टी कशी जाऊ शकते? डोळ्याच्या अगदी समोर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तीव्र किंवा अस्वच्छ पदार्थाने त्यावर जखम होते, जंतू शिरतात आणि जखम भरताना पांढरा डाग राहतो. यालाच आपण ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतो. शिवाय पहिल्या काही वर्षांत मेंदू बघायला शिकत असतो. त्या काळात डोळ्यात प्रकाश नीट गेला नाही, तर ते शिकणे अर्धवट राहते. म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्याचे नुकसान मोठ्या माणसापेक्षा जास्त गंभीर ठरते.

महाराज चार वर्षांचे असताना आई वारली. पुढे आजीने त्यांना सांभाळले. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि ऐकलेले लक्षात ठेवत. स्वतःचे लेखन ते सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई. अशा रीतीने शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ तयार झाले. वेदान्त, भक्ती, आयुर्वेद, संगीत अशा विषयांबरोबर डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांचाही त्यांनी परामर्श घेतला. ज्ञानेश्वर माउलींना ते गुरू मानत. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात, अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची बुद्धी असामान्य होती, पण प्रत्येक बाळाच्या वाट्याला तशी बुद्धी येत नाही. दृष्टी वाचवणे मात्र बहुतेक वेळा आपल्या हातात असते.

आज धाराशिव जिल्ह्यातही बाळाचे डोळे आले की मध, तूप, काजळ, आईचे दूध किंवा घरात उरलेले थेंब घालण्याचा सल्ला मिळतो. यातले काहीही घालू नका. उरलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर कॉर्नियाची जखम चिघळू शकते. डोळ्यात चुना किंवा औषध उडाले तर लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान १५ मिनिटे डोळा धुवा आणि तसेच दवाखान्यात या.

डॉक्टर बॅटरीच्या उजेडात कॉर्निया आणि बाहुली बघतात. बारीक जखम शोधण्यासाठी पिवळा रंग टाकून निळा प्रकाश सोडतात. जखम असेल तिथे हिरवे दिसते. या तपासणीत बाळाला इजा होत नाही.

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या :

- बाळ उजेडात डोळे उघडत नाही, डोळा लाल आहे किंवा पू येतो
- बुबुळावर पांढरा डाग किंवा बाहुलीत पांढरी चमक दिसते

तीन महिन्यांचे झाल्यावरही बाळ चेहऱ्याकडे बघत नसेल किंवा हलत्या वस्तूमागे नजर नेत नसेल, तरी डोळे तपासून घ्या.

महाराजांची दृष्टी गेली ते वय, म्हणजे नववा महिना, आज लसीकरणाच्या कार्डावर आहे. त्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात. पुढचे डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतात. गोवर आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता या दोन्हींमुळे कॉर्निया खराब होऊन अंधत्व येऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे डोस मोफत मिळतात. आपल्या बाळाचे कार्ड आजच काढून बघा आणि राहिलेला डोस असेल तर आशाताईंना सांगा.