रयतेचे अण्णा : कर्मवीर भाऊराव पाटील

बाहुबलीच्या डोंगराजवळील कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन शेतकरी घराण्यात भाऊरावांचा जन्म झाला. वडील पायगौंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते. भाऊरावांना अभ्यासापेक्षा कुस्तीची गोडी अधिक. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये दाखल झाले.

१९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परतल्यावर, स्नान केल्याविना भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी ठाम नकार दिला व बोर्डिंगला मुकले. आपल्याच समाजाच्या वास्तूत घडलेला हा प्रसंग आजही आपणांस अंतर्मुख करणारा आहे. भाऊरावांनी त्याचे उत्तर पुढे सर्वांसाठी खुले वसतिगृह काढून दिले.

मॅट्रिकच्या आतच शिक्षण थांबलेले भाऊराव शिकवण्या करून पाटील मास्तर झाले. नंतर किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी त्यांनी गावोगाव भ्रमंती केली. शेतकऱ्याच्या ओटीवर बसून त्यांनी त्याचे दारिद्र्य व अज्ञान जवळून पाहिले. याच अनुभवातून १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली.

१९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकाच पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी, भरघोस दाढी आणि रांगडी भाषा असलेले भाऊराव मुलांचे लाडके अण्णा होते. त्यांच्या करारी मुद्रेमागे मोकळा विनोद व आईची माया होती. कमवा व शिका हा मंत्र त्यांनी मुलांना दिला. त्यामुळे शिक्षण घेणाऱ्या गरीब मुलाला कोणापुढे हात पसरण्याची लाज वाटली नाही.

या यज्ञात सौ. लक्ष्मीबाईंची आहुती मोठी आहे. सोवळ्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या लेकरांना पोटाशी धरले. मुलांच्या अन्नासाठी एकेक दागिना मोडला आणि अखेर मंगळसूत्रही दिले. अपरिग्रहाचे याहून जिवंत उदाहरण कोठे शोधावे? १९३० साली त्यांचे निधन झाले, तरी अण्णांचे कार्य थांबले नाही.

भाऊरावांची विनम्रता त्यांच्या संस्थांच्या नावांतून दिसते. शाहू महाराज, सयाजीराव महाराज, छत्रपती शिवाजी महाराज, गाडगे महाराज, मौलाना आझाद या थोरांची नावे त्यांनी आपल्या शाळा-महाविद्यालयांना दिली. जनतेने मात्र त्यांना कर्मवीर ही पदवी मनापासून बहाल केली. १९५९ साली पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट्. हे सन्मान त्यांना लाभले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

संस्थेची किंमत इमारतीच्या उंचीवर ठरत नाही. तिच्या पंक्तीत शेवटी कोणाला पान मिळते, यावर ती ठरते. सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी प्रत्येक विश्वस्ताने व दात्याने हा हिशेब स्वतःशी जरूर मांडावा. कर्मवीरांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!