डॉ. सुंदरलाल होरा : छोट्या माशांचा मोठा शास्त्रज्ञ

मेसमध्ये मासा म्हटलं की आपल्याला रोहू नाहीतर कटला आठवतो. ओढ्यातल्या बोटाएवढ्या माशाकडे कोणी बघत नाही. पण अशाच माशांसाठी आयुष्य देणारा एक थोर शास्त्रज्ञ आपल्या देशात होऊन गेला. त्यांच्या सर्वात गाजलेल्या सिद्धांताला सातपुड्याचं नाव आहे, आणि आपली वैनगंगा ह्याच सातपुड्यातून, शिवनी जिल्ह्यातून, भंडाऱ्यात येते.

सुंदरलाल होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबातल्या हाफिजाबाद येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. शाळा जालंधरला आणि कॉलेज लाहोरला झालं. १९१९ मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल लाहोरला आले. त्यांनी ह्या हुशार मुलाला कलकत्त्याला बोलावून घेतलं. १९२१ मध्ये, म्हणजे अवघ्या पंचविशीत, होरांकडे मासे आणि सरपटणारे प्राणी या विभागाची जबाबदारी आली.

डोंगरातल्या धो धो ओढ्यात इवलासा मासा वाहून का जात नाही, हा त्यांचा आवडता प्रश्न. खासी टेकड्यांतल्या आणि इतर ओढ्यांतले मासे त्यांनी तपासले. चपटं अंग, पसरट पर, छातीवर किंवा तोंडामागे खडकाला चिकटणारी रचना. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रॅग कमी आणि ग्रिप जास्त! खडकाला अगदी लागून पाण्याचा वेग कमी असतो, तिथेच हे मासे राहतात. यावरचा त्यांचा मोठा निबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

हे मासे फक्त चिकटून बसत नाहीत. महाराष्ट्रातल्या नद्यांतला मल्या दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्यामुळे दगड साफ होतो, नवीन शेवाळ येतं, आणि मल्याला मोठे मासे व पक्षी खातात. म्हणजे ओढ्याचं बरंचसं गणित ह्या छोट्यांवर चालतं.

पुढे होरांना एक कोडं पडलं. ईशान्य भारतातल्या माशांचे नातलग थेट सह्याद्रीत कसे? मध्ये तर एवढा कोरडा प्रदेश! त्यांनी सुचवलं की पूर्वी विंध्य-सातपुड्याच्या रांगांतून ओल्या, वाहत्या ओढ्यांचा रस्ता होता आणि त्यावरून मासे पश्चिमेला, मग दक्षिणेला गेले. १९४९ मध्ये या 'सातपुडा सिद्धांता'वर खास परिसंवाद झाला. आज अनेक शास्त्रज्ञ तो जसाच्या तसा मानत नाहीत. पण प्रश्न विचारला होरांनी, हे सगळेच मानतात.

डासांच्या अळ्या खाणारे देशी मासे कोणते, यावरही त्यांनी काम केलं. राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथातली माशांची माहिती त्यांनी शोधून काढली. १९४० मध्ये डॉ. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या एका जेमतेम दोन सेंटिमीटरच्या पारदर्शक माशाला होरांच्या नावावरून 'होराइक्थिस' नाव दिलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढाच मासा, पण शोभून दिसतो!

१९४७ मध्ये ते झूलॉजिकल सर्व्हेचे संचालक झाले. ८ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या जिल्ह्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण झालं. १९८८ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. धरणाने शेतीला पाणी मिळतं, ते हवंच. पण जिथे वाहतं पाणी थांबतं, तिथे दगडांवर गाळ बसतो आणि खरवडून खाणाऱ्या माशाचं ताट जातं. वाळू बेसुमार उपसली की त्याचं घरही जातं. मग ढिवर बांधवांच्या जाळ्यात काय येणार? मित्रांनो, उद्या आपल्यापैकीच कोणीतरी धरणाचं, नाहीतर बंधाऱ्याचं डिझाइन करणार आहे. पाणी, सिमेंट, लोखंड यांचा हिशोब आपण शिकतोच. त्यात बोटाएवढ्या माशाची एक ओळ धरायची, एवढं होरांकडून नक्की घेता येईल.