कुकरच्या मुठीचा जनक : डॉ. लिओ बेकलँड



मागे आठवीचा पिरियड घेत असताना एका मुलीने विचारले, की पन्नी गॅसजवळ नुसती नेली तरी आक्रसून गोळा होते, मग कुकरची मूठ प्लास्टिकची असून रोज शेगडीवर कशी टिकते? प्रश्न छान होता. फळ्यावर दोन आकृत्या काढून मी उत्तर दिले, पण त्या मुठीमागे जो माणूस आहे त्याची गोष्ट पिरियडमध्ये मावली नाही. ती येथे सांगतो.

त्यांचे नाव डॉ. लिओ बेकलँड. जन्म १४ नोव्हेंबर १८६३, म्हणजे आपल्या बालदिनाचीच तारीख. गाव बेल्जियममधले घेंट. वडील जोडे शिवीत, आई लोकांच्या घरी कामाला जाई. मुलाने लवकर आपल्या धंद्यात बसावे असे वडिलांना वाटे. त्याने शिकावे हा हट्ट आईचा. आईचे चालले, हे आपले सर्वांचे भाग्य. गावाने शिष्यवृत्ती दिली आणि मुलगा २१ व्या वर्षी रसायनशास्त्राचा डॉक्टर झाला. फोटोग्राफीचा नाद त्याला लहानपणापासून होता. फोटोसाठी लागणारे चांदीचे रसायन विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळीच आम्लात विरघळवली, असे सांगतात. (पालकांनी घाबरू नये, आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असते.)

१८८९ मध्ये आपल्या प्राध्यापकांच्या मुलीशी, सेलीन यांच्याशी, त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ते अमेरिकेत गेले. तेथे सुरुवातीला हाती यश नव्हते. एकाच वेळी अनेक शोधांच्या मागे लागल्यामुळे पैसा संपला, कर्ज झाले, त्यात मोठे आजारपण आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवले, की आता एकच काम धरायचे आणि ते पुरे करायचे. त्यातून फोटो छापण्याचा ‘व्हेलॉक्स’ कागद निघाला. तोवर फोटो छापण्यासाठी उन्हाची वाट पाहावी लागे. हा कागद दिव्याच्या उजेडात चाले. १८९९ मध्ये ईस्टमन कोडक कंपनीने त्यांचा हा धंदा भरपूर पैसे देऊन विकत घेतला.

पस्तिशीतच माणूस श्रीमंत झाला. घरी बसून खाल्ले असते तरी चालले असते. पण न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स येथे त्यांनी मोठे घर घेतले आणि त्याच्या आवारात प्रयोगशाळा थाटली.

आता आपल्या देशाचा संबंध येतो. त्या काळी विजेची उपकरणे वाढत होती आणि विजेच्या तारांवर, यंत्रांवर आवरण म्हणून लाखेपासून केलेले शेलॅक लागत असे. ही लाख प्रामुख्याने भारतातून जाई. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे इवलेसे किडे ती तयार करतात. मागणी वाढली, भाव चढले, पण किड्यांना घाई कोण करणार? शिवाय लाख उष्णतेने मऊ पडते. बांगड्या बनवणारे कारागीर निखाऱ्यावर धरून ती वळवतात ते तुम्ही बाजारात पाहिले असेल. म्हणून शेलॅकची जागा घेईल असा पदार्थ प्रयोगशाळेत करायचा, हे बेकलँड यांनी मनावर घेतले.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केले की चिवट राळ तयार होते, हे जर्मन शास्त्रज्ञ बायर यांना १८७२ मध्येच दिसले होते. पण ती राळ भांड्याला अशी चिकटे, की लोक भांड्यासकट फेकून देत. तापवले की वायू सुटून फेस येई आणि पदार्थ सच्छिद्र, ठिसूळ होई. म्हणून इतर संशोधक उष्णता कमी ठेवीत. बेकलँड नेमके उलट वागले. त्यांनी उष्णता १४०-१५० अंश सेल्सियसपर्यंत वाढवली, पण जाड, बंद लोखंडी पात्रात आणि दाबाखाली. दाबामुळे फेस येऊ शकला नाही आणि आत घट्ट, कठीण, गुळगुळीत पदार्थ तयार झाला. साल १९०७. त्या पात्राला त्यांनी ‘बेकलायझर’ आणि पदार्थाला ‘बेकेलाइट’ हे नाव दिले. म्हणजे कुकरची मूठ ज्याची बनते, तो पदार्थ पहिल्यांदा बनला तोही एका प्रकारच्या कुकरातच!

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. पन्नी पॉलिथिनची असते. तिच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, नुसत्या शेजारी पडलेल्या असतात. उष्णता मिळाली की त्या सरकू लागतात. पातळ पन्नी साधारण ११० अंशांना वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ होते. कारखान्यात फुगवून, ताणून ती पातळ केलेली असते, म्हणून मऊ होताच ताणलेल्या साखळ्या परत गोळा होतात. आक्रसणे ते हेच. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक वेगळे, तरी जात हीच. उकळते पाणी ओतले की ती पिचकते. बेकेलाइटमध्ये मात्र तापवताना साखळ्यांची आपसात पक्की गाठ बसते, सगळा मिळून एकच सांगाडा होतो. मेण पुन्हा पुन्हा वितळते, पण भाजलेल्या पोळीची परत कणीक होत नाही, तसे समजा. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. तेथे पहिल्याला तापसुघट्य आणि दुसऱ्याला तापदृढ म्हणत. शब्द जड होते, पण अर्थ त्यातच सापडे.

याचा अर्थ मूठ अमर आहे असा नव्हे. थेट ज्वाळेत धरली तर ती गळत नाही, पण करपून कोळसा होते. आणि तुटली तर वितळवून नवी करता येत नाही, म्हणून कबाडीवाला ती बाजूला टाकतो. पन्नी मात्र स्वच्छ असेल तर वितळवून पुन्हा वापरता येते. ती जाळणे सर्वांत वाईट. थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात आणि मुले त्यात पन्न्या टाकतात, हे मी सकाळी येताना पाहतो. पेटलेली पन्नी थेंब थेंब गळते, तो थेंब कातडीला चिकटतो आणि जखम खोल होते. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर धुरात हायड्रोजन क्लोराइडसारखा विषारी वायू असतो.

फेब्रुवारी १९०९ मध्ये बेकलँड यांनी आपला शोध न्यूयॉर्कच्या रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडला, पुढच्याच वर्षी कंपनी काढली. टेलिफोन, रेडिओच्या पेट्या, मोटारींचे भाग, विजेची बटणे, सर्वत्र बेकेलाइट आले. आपल्या जुन्या वाड्यांतली काळी गोल बटणे आठवा. प्रतिस्पर्ध्यांशी पेटंटवरून खटले झाले. शेवटी १९२२ मध्ये त्यांना सोबत घेऊनच एक मोठी कंपनी झाली. मला हा त्यांचा शहाणपणा विशेष वाटतो. १९२४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र छापले.

मुलाला मात्र या धंद्यात रस नव्हता. १९३९ मध्ये त्यांनी कंपनी युनियन कार्बाइडला विकली. (हे नाव आपल्या मध्यप्रदेशात १९८४ नंतर कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.) पुढे ते फ्लोरिडात एकटे एकटे राहू लागले, डब्यातले अन्न डब्यातूनच खात. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हस्तलिखित रोजनिश्या आणि ते पहिले लोखंडी पात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने जपून ठेवले आहे.